मीटरवरचा पिवळा दिवा: सेन्सर विकत घेण्याआधी काय तपासाल

जुलैतली गोष्ट. साखरप्याहून आंबा घाट चढत होतो. पाऊस असा की हेल्मेटची काच दर मिनिटाला पुसावी लागत होती. तिसऱ्या-चौथ्या वळणावर मीटरवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी बंद पडली नाही, पण थ्रॉटल दिल्यावर किंचित अडखळू लागली. तशीच हळूहळू कोल्हापूरपर्यंत आणली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये स्कॅनर लागला, बिघाडाचा कोड आला आणि ‘सेन्सर गेलाय’ म्हणून थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागावरचा) सेन्सर बदलला गेला. बिल तीन हजार दोनशे. नऊ दिवसांनी पुन्हा पावसात निघालो आणि तोच दिवा, तोच कोड. शेवटी मलकापुरातल्या एका मिस्त्रींनी टाकी वर उचलली, सेन्सरचा कपलर (तारांचा प्लास्टिकचा जोड) सोडवला आणि मोबाइलच्या उजेडात आतलं दाखवलं. पाच पिनांपैकी एकीवर हिरवट पूड चढली होती. “सेन्सर नवा घातलायसा, पण पिना जुन्याच हाईत की,” एवढंच म्हणाले आणि कामाला लागले. अर्ध्या तासात काम झालं, दीडशे रुपये घेतले.

त्या दिवशी जे कळलं ते असं: कोड बिघडलेला भाग सांगत नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाला, कुठल्या तारेवरून न पटणारा आकडा येतोय, एवढंच तो सांगतो. आकडा चुकण्याची कारणं सेन्सरमध्ये असतात तशीच तारेत, पिनेत, अर्थिंगमध्ये आणि बॅटरीतही असतात. खाली जो क्रम दिलाय तो स्वस्त आणि सोप्या तपासणीकडून महागड्या भागाकडे जातो. एक सिलिंडरच्या, बीएस-६ (प्रदूषणाच्या मानकाच्या) फ्युएल इंजेक्शनच्या मोटारसायकली आणि स्कूटर डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

दिवा नेमका कुठला?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि रोजच्या वापराच्या बहुतेक गाड्यांमधूनही कार्बोरेटर गेला. आता पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू ठरवतो. त्यासाठी त्याला हवेचा दाब, हवेचं तापमान, थ्रॉटल किती उघडलाय, इंजिन किती तापलंय, क्रँक (इंजिनचा फिरणारा दांडा) कुठे आहे आणि सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन किती उरलाय, हे सतत कळावं लागतं. यातलं काही पटेनासं झालं की पिवळा दिवा लागतो. अशा वेळी ईसीयू त्या सेन्सरऐवजी एक ठरलेला आकडा धरून गाडी चालू ठेवतो. म्हणून बहुतेक वेळा गाडी घरापर्यंत येते. क्रँक सेन्सरला मात्र असा पर्याय नसतो. तो गेला की ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही.

तेलाच्या बुधलीचं किंवा थर्मामीटरचं लाल चिन्ह पेटलं असेल तर ते प्रकरण वेगळं आहे. तेव्हा गाडी लगेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. एबीएसचा दिवाही वेगळा. चावी फिरवल्यावर तो लागतो आणि गाडी थोडी चालली की विझतो.

इंजिनचा दिवाही चावी ऑन केल्यावर लागलाच पाहिजे. काही गाड्यांत तो दोन-तीन सेकंदांत विझतो, काहींत इंजिन सुरू झाल्यावर. जुनी गाडी घेताना हे आवर्जून बघा. चावी ऑन केल्यावर दिवा लागतच नसेल तर तो निकामी झालेला असतो किंवा कोणीतरी मुद्दाम काढून टाकलेला असतो. दोन्ही बाबतीत आधी स्कॅनर लावून घ्या, मग व्यवहाराचं बोला.

रस्त्यावर असताना

दिवा सलग पेटलाय आणि गाडी नीट चालतेय, तर वेग कमी ठेवून घरी जायला हरकत नाही. गाडी मिसिंग मारतेय, झटके देतेय किंवा सायलेन्सरमधून फटफट आवाज येतोय, तर रेस करू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन पेटतं आणि तो तापून खराब होतो. एप्रिल २०२५ पासून आलेल्या ओबीडी-२ बी गाड्या (ओबीडी म्हणजे गाडीची स्वतःचे बिघाड ओळखण्याची व्यवस्था) मिसफायरवरही, म्हणजे सिलिंडरात पेट्रोल नीट न पेटण्यावरही, नजर ठेवतात. त्यातल्या काहींत मिसफायर जोरात असला की दिवा लुकलुकतो. आधीच्या बऱ्याच गाड्यांत मात्र लुकलुकणं म्हणजेच कोड असतो. तुमच्या गाडीत कुठला अर्थ आहे ते गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात असतं, आजच बघून ठेवा.

थांबल्यावर मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ काढा आणि पाच गोष्टी लिहून ठेवा: पाऊस होता का, गाडी नुकतीच धुतली होती का, पेट्रोल नुकतंच भरलं होतं का, इंजिन थंड होतं की तापलेलं, खड्ड्यात दणका बसला होता का. या पाच गोष्टींवरून बिघाडाची जागा निम्मी कळते. पावसात किंवा धुतल्यावर लागणारा दिवा कपलरकडे बोट दाखवतो. खड्ड्यात लागून पुढे विझणारा दिवा सैल तारेचा असतो. पेट्रोल भरल्यावर लगेच सुरू झालेला त्रास टाकीत शोधा.

गाडी आडवी पडली होती आणि आता सुरूच होत नसेल, तर घाबरू नका. पडल्याचं ओळखणारा सेन्सर पेट्रोलचा पंप बंद करतो. गाडी सरळ उभी करा, चावी बंद करून पाच-दहा सेकंद थांबा आणि पुन्हा ऑन करा. किल स्विच आणि साइड स्टँडकडेही एकदा बघा. घाईत हे दोन्ही राहून जातात.

कोड वाचण्याआधी बॅटरी

ईसीयूचे सगळे हिशेब व्होल्टेजवर चालतात, त्यामुळे बॅटरी कमजोर असेल तर पुढची कुठलीच तपासणी खात्रीची राहत नाही. तीन-चारशे रुपयांत साधा डिजिटल मल्टीमीटर मिळतो, तो घ्याच.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ ते १२.८ व्होल्ट यायला हवेत. १२.२ च्या आसपास असेल तर ती निम्मी उतरलेली आहे, आधी चार्ज करा. सेल्फ मारताना आकडा १० च्या फार खाली जाऊ नये. इंजिन चालू करून जरा रेस दिल्यावर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. १३ च्या वर चढतच नसेल तर चार्जिंग होत नाहीय, आणि १५ च्या पुढे जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलाय. असा रेग्युलेटर ईसीयूही जाळू शकतो, म्हणून तशी गाडी चालवू नका.

मग बॅटरीची टर्मिनल्स हाताने हलवून बघा. बोटाने हलतात याचा अर्थ ती सैल आहेत. पांढरी पूड असेल तर गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, घासून घट्ट आवळा. निगेटिव्हची तार इंजिनला किंवा चासीला जिथे बोल्टने बसते, ती जागाही घासून घ्या. अलार्म, जादा एलईडी, मोठा हॉर्न असं काही बाहेरून बसवलं असेल तर त्यांच्या तारा कुठून घेतल्यात ते शोधा. मूळ वायरिंग सोलून नुसत्या टेपने गुंडाळलेला जोड दिसला, तर पहिला संशय त्याच्यावर.

चावी ऑन केल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची ‘झूं’ ऐकू येते का तेही ऐका. आवाज नसेल तर फ्यूज बघा, मग पंपाचा कपलर.

कोड कसा वाचायचा

दोन मार्ग आहेत. पहिला दिव्याचे ठोके मोजण्याचा.

होंडाच्या अनेक गाड्यांत चालू बिघाड असेल तर इंजिन बंद ठेवून चावी ऑन केल्यावर दिवा लुकलुकतो. लांब ठोका म्हणजे दहा, आखूड ठोका म्हणजे एक. दोन लांब आणि एक आखूड म्हणजे २१. त्यांच्याकडे १ म्हणजे हवेच्या दाबाचा सेन्सर, ७ इंजिनच्या तापमानाचा, ८ थ्रॉटलचा, ९ आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा, १२ इंजेक्टर, २१ ऑक्सिजन सेन्सर आणि ५४ गाडी पडल्याचं ओळखणारा. यामाहाच्या अनेक एफआय गाड्यांतही अशीच पद्धत आहे, आकडे मात्र वेगळे. तिथे १२ क्रँक सेन्सर, १३ आणि १४ हवेचा दाब, १५ आणि १६ थ्रॉटल, २२ हवेचं तापमान, २४ ऑक्सिजन, ३९ इंजेक्टर आणि ४६ बॅटरी-चार्जिंगची गडबड. एका कंपनीचा तक्ता दुसऱ्या कंपनीच्या गाडीला लावू नका. ठोके व्हिडिओत टिपा आणि हळू करून मोजा. डोळ्यांनी मोजताना चूक होते.

दुसरा मार्ग स्कॅनरचा. बीएस-६ गाड्यांत सीटखाली किंवा साइड कव्हरच्या मागे सहा पिनांचा, बहुतेक लाल रंगाचा कपलर रबरी टोपीखाली असतो. कारसाठी मिळणारा ईएलएम-३२७ ब्लूटूथ रीडर सोळा पिनांचा असतो, म्हणून सहावरून सोळा पिनांवर नेणारी जोडतार वेगळी घ्यावी लागते. अगदी स्वस्त नकली रीडर काही गाड्यांशी बोलतच नाहीत. खरेदीआधी तुमच्याच मॉडेलवर तो चालल्याचं कोणाकडून तरी पक्कं करून घ्या.

गॅरेजमध्ये स्कॅन करून घेत असाल तर मागायची गोष्ट एकच: कोडचा पूर्ण आकडा. ‘सेन्सरचा कोड आलाय’ हे उत्तर पुरेसं नाही. स्क्रीनचा फोटो काढून घ्या आणि तो फोटो काढेपर्यंत कोड पुसू देऊ नका.

आकड्यात दडलेला अर्थ

माझ्या गाडीचा कोड होता पी०११३. आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा सेन्सर, ‘व्होल्टेज जास्त’. त्याचा जोडीदार पी०११२, तोच सेन्सर, ‘व्होल्टेज कमी’. हा फरक त्या पहिल्या गॅरेजमध्ये कोणी बघितला नाही, आणि सगळं उत्तर त्यातच होतं.

तापमानाचा सेन्सर म्हणजे उष्णतेने रोध कमी होणारा एक छोटा रेझिस्टर. ईसीयू त्याच्या तारेवर ५ व्होल्ट पाठवतो. सेन्सर तापला की व्होल्टेज उतरतं, थंड झाला की चढतं. आता तार तुटली, कपलर निघाला किंवा पिनेवर गंज चढला, तर वीज पुढे जातच नाही आणि पूर्ण ५ व्होल्ट तसेच राहतात. ईसीयूच्या भाषेत ही प्रचंड थंडी. म्हणून अशा वेळी स्कॅनरच्या लाइव्ह डेटात हवेचं तापमान बहुधा उणे ४० अंश दिसतं. भर आंबा घाटात उणे ४०! असा आकडा दिसला की सर्किट तुटलंय हे जवळजवळ नक्की. याउलट तार सोलून चासीला टेकली असेल तर व्होल्टेज शून्याकडे जातं आणि पी०११२ येतो.

तोच नियम इंजिनच्या तापमानाला: पी०११७ कमी, पी०११८ जास्त. हवेच्या दाबाला पी०१०७ आणि पी०१०८, थ्रॉटलला पी०१२२ आणि पी०१२३. या शेवटच्या दोन सेन्सरना ५ व्होल्टची स्वतंत्र तारही लागते, म्हणून तिथे ‘कमी’चा अर्थ बऱ्याचदा ती ५ व्होल्टची तार तुटली असाही निघतो.

एकदम तीन-चार कोड आले तर आनंदच माना, कारण एवढे सेन्सर एका दिवशी मरत नाहीत. त्यांच्यात सामायिक काय आहे ते शोधा. बहुतेक वेळा ५ व्होल्टची एकच तार, एकच अर्थिंग किंवा बॅटरी निघते. लहान गाड्यांत हवेचा दाब, हवेचं तापमान आणि थ्रॉटल हे तिन्ही सेन्सर थ्रॉटल बॉडीवरच्या एकाच डबीत असतात आणि पाच पिनांचा एकच कपलर असतो. म्हणूनच ती डबी महाग पडते. आणि टाकीवरून ओघळणारं पाणी तिच्याच आसपास उतरतं.

मल्टीमीटर घेऊन कपलरपाशी

चावी बंद. संशयित सेन्सरचा कपलर सोडवा. लॉक दाबून प्लास्टिकला धरून ओढा, तारांना धरून ओढू नका. आत टॉर्च मारा. पिना सोनेरी किंवा चंदेरी चकचकीत दिसायला हव्यात. हिरवं, पांढरं किंवा काळं काही दिसलं, एखादी पिन इतरांपेक्षा मागे सरकलेली दिसली किंवा रबरी सील फाटलेलं असेल, तर बिघाड बहुधा सापडला.

डोळ्यांना सगळं ठीक दिसलं तर मोजा. वायरिंगच्या बाजूचा कपलर मोकळा ठेवून चावी ऑन करा. मीटर डीसी २० व्होल्टवर. लाल टोक तापमानाच्या सेन्सरच्या सिग्नल तारेच्या पिनेला, काळं टोक त्याच कपलरमधल्या अर्थ पिनेला. साधारण ५ व्होल्ट आले तर ईसीयूपासून इथपर्यंतच्या दोन्ही तारा शाबूत आहेत. आता सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही. ५ येत नसतील तर काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावून पुन्हा बघा. आता ५ आले तर सिग्नलची तार ठीक आहे, अर्थची तार तुटलीय. तरीही आले नाहीत तर सिग्नलची तारच तुटलीय किंवा चासीला टेकलीय. एवढ्या दोन मोजमापांत तीन शक्यता वेगळ्या होतात, आणि हे करायला कुठलंही प्रशिक्षण लागत नाही.

यात दोन काळज्या घ्या. कुठली तार सिग्नलची आणि कुठली अर्थची हे तुमच्या मॉडेलच्या वायरिंग नकाशावरून नक्की करा, अंदाजाने दोन पिना जोडू नका. आणि मीटरचं जाड टोक कपलरच्या भोकात कोंबू नका. आतली पट्टी फाकते, मग पिन सैल बसते आणि नवाच बिघाड तयार होतो. तिथे बारीक टाचणी वापरा, तिला मीटरचं टोक टेकवा.

सेन्सर तपासायचा तर तो सुटा करून रोध मोजा. तापमानाचा सेन्सर मुठीत धरला की आकडा हळूहळू उतरायला हवा. उतरत नसेल किंवा मीटर अनंत दाखवत असेल, तर सेन्सर खरोखर गेलाय. थ्रॉटल सेन्सरचं सिग्नल व्होल्टेज मूठ हळूहळू फिरवताना सलग चढलं पाहिजे. मध्येच गचका मारून खाली आलं तर आतली पट्टी झिजलीय.

कपलरही ठीक, सेन्सरही ठीक, तरी दिवा येतो-जातो? मग इंजिन चालू ठेवून वायरिंग एकेका जागी हाताने हलवा. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून बघा. चासीच्या डोक्यापाशी तारा रोज वाकतात आणि आतून तुटतात, वरून आवरण मात्र अखंड दिसतं. गाडी तळमजल्याच्या पार्किंगमध्ये किंवा गोठ्याशेजारी उभी राहत असेल तर सीटखाली उंदरांच्या लेंड्या आहेत का बघा. त्यांनी कुरतडलेली तार शोधायला नकाशा लागत नाही.

सफाईसाठी इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि मऊ ब्रश वापरा, सँडपेपर नको. वाळल्यावर पिनांच्या सीलला डायलेक्ट्रिक (वीज न वाहून नेणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात. फार गंजलेली पिन घासून टिकत नाही, ती नवी क्रिंप करून (तारेवर दाबून बसवून) घ्यावी. माझ्या गाडीत मिस्त्रींनी तेच केलं.

तारांच्या पलीकडचे कोड

ऑक्सिजन सेन्सरचे आणि ‘मिश्रण पातळ’ सांगणारा पी०१७१ हे कोड वेगळ्या जातीचे. इथे सेन्सर बऱ्याचदा खरं तेच सांगत असतो. सेन्सरच्या आधी सायलेन्सरचं गॅस्केट फुटलं असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि ऑक्सिजन जास्त दिसतो. इंजिन थंड असताना सुरू करा आणि जोडाजवळ हात नेऊन फुसफुस जाणवते का बघा. थ्रॉटल बॉडी आणि इंजिन यांच्यामधलं रबर तडकलं असेल तर तिथूनही हवा शिरते. आयडलवर त्या रबरावर पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनचा आवाज बदलला की तडा तिथेच. बाहेरचा सायलेन्सर बसवताना ऑक्सिजन सेन्सर काढून लटकत ठेवलेला असेल, तर दिवा लागणारच. तो पुन्हा जागेवर बसवल्याशिवाय विझणार नाही.

मिसफायरच्या पी०३०० किंवा पी०३०१ साठी आधी प्लग आणि प्लग कॅप, मग कॉइल, मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट). हजारो किलोमीटर टॅपेट न बघितलेल्या गाडीत घट्ट झालेला व्हॉल्व्ह मिसफायर देतो. पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं असेल तर पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि प्रमाण वाढलं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. पंपही तळातूनच ओढतो. काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करणं हाच उपाय.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा पी०४२० आला तरी नवा सायलेन्सर लगेच घेऊ नका. आधी मिसफायर, गळती आणि ऑक्सिजन सेन्सर तपासा.

पंपाची लाइन घरी उघडू नका. तिच्यात साधारण ३ बार दाबाने पेट्रोल असतं आणि ते गरम इंजिनावर उडतं. ईसीयू बदलण्याचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या ठिकाणी दाखवल्याशिवाय होकार देऊ नका. गाडी वॉरंटीत असेल तर कुठलीही तार कापू नका.

दिवा विझवणं

बॅटरीची तार काढून लावली की दिवा जातो, असं गॅरेजमध्ये नेहमी ऐकायला येतं. काही गाड्यांत जातोही. पण कारण तिथेच राहतं आणि कोडसोबत साठवलेली माहिती हातची जाते. दुरुस्ती आधी, पुसणं नंतर. ओबीडी गाड्यांत बिघाड गेल्यावर साधारण तीन सलग फेऱ्या निर्दोष झाल्या की दिवा आपोआप विझतो. फेरी म्हणजे इंजिन थंड असताना सुरू करून, नीट तापेपर्यंत चालवून बंद करणं. घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतचं अंतर यात धरू नका.

दुरुस्तीनंतर मी लाइव्ह डेटा उघडून बघितला. हवेचं तापमान २७ अंश. दर मे महिन्याच्या शेवटी, पाऊस सुरू होण्याआधी, टाकी उचलून तो पाच पिनांचा कपलर सोडवतो, बघतो आणि ग्रीसचा हात फिरवून परत लावतो. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप टाकीखाली मारू नका, असं दर वेळी सांगतो.